मुलांची शाळा, पालकांची सही

शाळेच्या डायरीतली पहिली सहा पाने कोणी वाचत नाही. त्यांवर 'शाळेचे नियम व पालकांसाठी सूचना' छापलेल्या असतात. जूनमध्ये मुलगा ती डायरी घरी नेतो, शेवटच्या ओळीखाली वडिलांची सही घेतो, कधी स्वतःच करून टाकतो, आणि नियम मान्य झाले असे आम्ही धरून चालतो. मालेगावातल्या मुलांच्या एका अनुदानित उर्दू हायस्कूलमध्ये मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषा लिहिता येतात म्हणून शिक्षण विभागाची परिपत्रके, संमतिपत्रे, घरी पाठवायच्या चिठ्ठ्या, सगळे भाषांतरासाठी माझ्याच टेबलावर येते. त्यामुळे ही सहा पाने दरवर्षी अथपासून इतिपर्यंत वाचणारा शाळेत बहुधा मी एकटाच असेन.

त्यातली जवळजवळ सगळी वाक्ये 'नये'वर संपतात. केस वाढवू नयेत. मोबाईल आणू नये. उशिरा येऊ नये. पालकांनी तास चालू असताना वर्गाकडे जाऊ नये. मुलगा अडचणीत असेल तर शाळेत कोणाला भेटायचे, किती वाजता, कुठल्या खोलीत, याबद्दल सहा पानांत एक ओळ नाही. मुलींच्या शाळेत असे चालले नसते असे मला वाटते. मुलीच्या बाबतीत शाळा आणि घर दोघेही घाबरलेले असतात, म्हणून निदान विचारपूस होते. मुलाबद्दल आमची सगळ्यांची समजूत अशी की लडका है, संभाल लेगा.

फाटकाचा नियम घ्या. सकाळचे अधिवेशन सातला भरते आणि सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद होते. नियम ऐकायला चांगला आहे. पण हे गाव यंत्रमागाचे आहे. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. बाप रात्रपाळी करून सकाळी घरी येतो आणि आडवा होतो. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, शेजारच्या कारखान्याचा खडखडाट रात्रभर चालू असतो. नववी-दहावीतली बरीच मुले शाळा सुटल्यावर कांडी भरतात, गॅरेजवर बसतात, चहाची किटली फिरवतात. असा मुलगा सव्वासातला फाटकाशी पोहोचतो आणि शिपाई त्याला परत पाठवतो. तो घरी जात नाही. घरी गेला तर मार. आई समजते मुलगा शाळेत आहे, शाळा समजते तो घरी आहे. या दोन समजुतींच्या मधले पाच तास तो नाक्यावर असतो, आणि नाक्यावर त्याची वाट पाहणारी माणसे वेळेची फार पक्की असतात.

मी स्टाफ मीटिंगमध्ये एवढेच म्हटले की उशिरा येणाऱ्याला आत घ्या, पहिला तास वाचनालयात बसवा, वहीत नाव लिहा, आणि आठवड्यात दोनदा झाले तर घरी फोन करा. एक जुने सहकारी म्हणाले, "मग सातला येईल कोण?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. शिस्त एकदा ढिली झाली की वेळेवर येणाऱ्या चाळीस मुलांवर अन्याय होतो, हे मलाही दिसते. पण बंद फाटकाने उशिरा येणारी मुले लवकर येऊ लागली, असे इतक्या वर्षांच्या हजेरीपटात मला कुठे सापडलेले नाही. ती यायची बंद झाली, हे मात्र सापडते. निर्णय पुढच्या जूनपर्यंत पुढे ढकलला आहे.

शिक्षेच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. तिथे नियम मुलाच्या बाजूने आहे आणि पालक विरुद्ध. मुलाला दाखल करायला आलेले वडील आजही माझ्या हातात त्याचा दंड देऊन म्हणतात, "सर, गोश्त आपका, हड्डी हमारी." म्हणणाऱ्याच्या मनात क्रूरपणा नसतो. त्याच्या उस्तादांनी त्याला असेच शिकवले, आणि त्याच्या मते मारणारा उस्ताद म्हणजे लक्ष देणारा उस्ताद. मी हसून सांगतो की भाईसाब, गोश्तही तुमचेच राहू द्या. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. २०१५च्या बाल न्याय कायद्यातही, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागणे हा गुन्हाच आहे. हे मी कायद्याच्या भाषेत सांगत नाही. ज्या मुलाला घरीही मार आणि शाळेतही मार, तो तिसरी जागा शोधतो, असे सांगतो. ते बापाला लगेच कळते, कारण ती तिसरी जागा त्याने पाहिलेली असते.

आता आयांबद्दल. आमची शाळा मुलांची, शिक्षक बहुतेक पुरुष, त्यामुळे आई आली की ती फाटकाच्या आत, पण व्हरांड्याच्या बाहेर उभी राहते. बुरख्यात, हातात डायरी, अर्धा-अर्धा तास. तिला कोणी हाकलत नाही, बसही म्हणत नाही. मुलाचा अभ्यास, ताप, मित्र, रात्री किती वाजता आला, हे सगळे तिलाच माहीत असते. बापाला बऱ्याचदा तुकडी अ की ब हेही सांगता येत नाही. आणि सभेची नोटीस निघते ती 'सर्व पालक बंधूंना'. शिवाय सभा बुधवारी सकाळी अकराला. दिवसपाळीचा माणूस मागावर, रातपाळीचा झोपेत. मग आम्ही म्हणायचे, पालकांना कळकळ नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सभा शुक्रवारी दुपारी घेऊन पाहिली. जुम्म्याला यंत्रमाग बंद असतात, नमाज आणि जेवण उरकून माणसे मोकळी होतात. आयांसाठी वाचनालयात वेगळ्या खुर्च्या टाकल्या आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या एका बाईंना बोलायला बसवले. एरवी आठ-दहा पालक यायचे, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. अर्थात शिक्षकांची सुट्टी गेली आणि त्यावरून जी कुरबुर झाली ती अजून संपलेली नाही. माझ्या घरीही झाली, तो भाग सोडून देतो.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरवले. आमच्यासारख्या अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. २०१२च्या दुरुस्तीने अशा शाळांत ही समिती फक्त सल्ला देणारी उरली, आणि २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही असा निकाल दिला. आपल्या संस्थाचालकांना त्याने हायसे वाटले. शाळा उभारायला कौमने पैसा आणि घाम दिला आहे, सरकारने उठसूट हात घालू नये, ही भावना मला समजते. पण सरकारच्या हातापासून संस्था वाचली तेव्हा मुलाच्या बाजूने बोलणारे पालकांचे खुर्चीवरचे स्थानही गेले. ते आपण आपल्या राजीखुशीने परत द्यायला कोणत्या निकालाने अडवले आहे? समितीच्या ग्रुप फोटोत मला आजवर एकही आई दिसलेली नाही. नेते दिसतात, कारखानदार दिसतात.

खरी पडझड कुठे होते ते सांगतो. आठवीपर्यंत मुलाला शाळेत दुपारचे जेवण मिळते, बालभारतीची पुस्तके मोफत मिळतात. शिक्षणहक्काचे संरक्षण १४ वर्षांपर्यंत. २०१६च्या दुरुस्तीनंतर मुलाला कामाला लावण्यावरची सरसकट बंदीही १४ वर्षांपर्यंतच, त्यातही घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करायला सूट. आणि इथे घरातच चार माग असतात. १४ पूर्ण झाले की धोकादायक काम सोडून बाकीचे दरवाजे उघडे. म्हणजे आठवीचा निकाल लागतो त्या उन्हाळ्यात हे सगळे एकदम हातातून सुटते. पुढच्या जूनमध्ये नववीच्या वर्गात रिकामी बाके दिसतात, त्याचे नवल वाटायला नको.

त्याच वळणावर एक गोष्ट सुरू होते आणि तीच आमच्या पालकांना ठाऊक नसते. आठवीत असताना देता येणारी एनएमएमएसची परीक्षा. पास होऊन यादीत आला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे आमच्या वस्तीत जवळजवळ सगळेच बसतात. पेपर उर्दूतही मिळतो. अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२मध्ये पहिली ते आठवीसाठी बंद झाली, तेव्हापासून अनेकांनी 'सब बंद हो गया' असे समजून फॉर्मची चौकशीच सोडली. सब बंद झालेले नाही. मात्र मुलाच्या नावाचे खाते हवे, आधार जोडलेले हवे, आणि नाव सगळीकडे एकच हवे. आमच्याकडे घोडे नेमके इथे अडते. जनरल रजिस्टरात 'शेख मोहम्मद', आधारवर 'मो. शेख', बँकेत तिसरेच. २०१९-२०च्या हिवाळ्यात लोक आजोबांचे दाखले शोधत शाळेच्या कार्यालयाबाहेर उभे राहिले तेव्हा एका अक्षराची किंमत सगळ्यांना कळली होती. पुढे विसरली. मी सहावीच्या पालकांनाच सांगतो की नाव आत्ता दुरुस्त करून घ्या, दहावीचा फॉर्म भरला की ते काम दहापट अवघड.

गेल्या जुलैत एक आई नववीतल्या मुलाचा दाखला मागायला आली. कारकुनाने पावती फाडायला घेतली होती, कारण नियमाप्रमाणे पालकाचा अर्ज असला की दाखला द्यायचा. मी तिथे होतो. विचारले, कुठल्या शाळेत घालणार? ती म्हणाली, "शाला नहीं सर, गॅरेज." नवऱ्याला टीबी झाला होता, काम बंद होते, मोठ्या मुलीचे लग्न ठरले होते. मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता, अभ्यासात मध्यम, मराठीत बरा. त्याच्या सहा पानांवर बापाची सही होती. त्याने स्वतः केलेली, अक्षर मी ओळखतो.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. टीबीच्या औषधाला सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात रक्कम येते, त्यासाठी नाव नोंदवा. आणि दाखला नेऊ नका. दाखला हातात आला की मुलगा शाळेचा राहात नाही. मग फार तर दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, तेही कोणी आठवण केली तर. गॅरेजवाल्याला मी ओळखत होतो, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ. दुपारी एक ते सात एवढेच ठेव म्हणून त्याला सांगितले. तो कुरकुरला, पण मानला. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला गॅरेजवर ठेवायला मी मध्यस्थी केली हे काहींना पटणार नाही. मला दुसरा रस्ता दिसत नव्हता, आणि तिने त्या दिवशी दाखला नेला असता तर बोलायलाही कोणी उरले नसते.

मुलगा आता दहावीत आहे. आठवड्यातून चार दिवस येतो, बऱ्याचदा सव्वासातला. शिपाई ओळखीचा आहे म्हणून आत सोडतो. नियमात ते अजून बसत नाही.

यंदाच्या डायरीत मी सातवे पान घालायला दिले आहे, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. दाखल्याचा अर्ज आला की वर्गशिक्षकाने आधी घरी जाऊन भेटावे. लहान मुलाने काही घाणेरडा प्रकार घरी सांगितला तर कोणाकडे यायचे, कारण २०१२चा पोक्सो कायदा मुलींइतकाच मुलांसाठीही आहे आणि अशी गोष्ट कळल्यावर इज्जतीसाठी दडपणे हाच गुन्हा आहे. १०९८ हा नंबर. पालकांची सभा जुम्म्याला, आयांची बसण्याची सोय वाचनालयात. खाली सहीसाठी दोन रेघा, एक वडिलांची, एक आईची. मुख्याध्यापकांनी मजकूर ठेवून घेतला आहे. आईची सही कशाला, एवढे त्यांनी विचारले. मी म्हटले, वडिलांची तर मुलगाच करतो.