आधी बोला, मग क्लिक करा

संगणक शिकवण्याचे व्हिडिओ करायचे म्हटलं की लोक पहिला प्रश्न माइकचा विचारतात, मग कॅमेऱ्याचा. कॅमेरा लागतच नाही. एक्सेल शिकवताना कोपऱ्यातल्या गोलात माझा चेहरा कशाला? नेमकं हवं ते बटण त्याच्याखाली झाकलं जातं. माइक हेडफोनचा चालतो. पंखा बंद करायचा आणि कुकर उतरल्यावर बसायचं.

सॉफ्टवेअरही महागडं नको. ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतं आणि पुरतं. त्यात रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये साठवावं. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं शिल्लक राहतं, आणि नंतर तिथल्या तिथे तिची एमपी४ करता येते. व्हॉट्सॲप वेब बंद करावं, नाहीतर ऐन धड्यात घरच्या ग्रुपचे निरोप उगवतात. अक्षरं दीडपट मोठी करावीत, कारण बघणारे बरेचजण मोबाइलवर बघतात.

हे सगळं एका बैठकीत जमतं. खरी मेहनत पुढे आहे. वर्गात कोण अडलंय ते चेहऱ्यावरून कळतं. इथे समोर कुणीच नसतं, आणि आपला हात सरावलेला असल्यामुळे माउस तोंडाच्या पुढे धावतो. म्हणून मी आधी बोलते, मग क्लिक करते. ‘वर होम टॅबमध्ये, साधारण मधोमध, जनरल लिहिलेली चौकट आहे’ हे वाक्य संपेपर्यंत माउस जागचा हलवत नाही. माउस उगाच गरगर फिरवणाऱ्यांचे धडे मला दोन मिनिटंही बघवत नाहीत.

शाळेच्या कार्यालयात हमखास अडणारी गोष्ट घ्या. आधारचा १२ आकडी क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की एक्सेल १.२३४५७ई+११ असलं काहीतरी दाखवतं. (व्हिडिओत खरा क्रमांक कधीही वापरू नये, १२३४५६७८९०१२ चालतो.) पुष्कळ शिकवणारे तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवतात आणि मग रेकॉर्डिंग सुरू करतात. धडा देखणा होतो. पण बघणाऱ्याच्या संगणकावर मात्र तो ‘ई’ उभाच राहतो, आणि नंबर गेला म्हणून बिचारा घाबरतो. मी तो घोळ पडद्यावर मुद्दाम होऊ देते. क्षणभर गप्प राहते. मग वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण क्रमांक शाबूत असल्याचं दाखवते. रकाना टेक्स्ट केला तरी जुना आकडा तसाच दिसत राहतो, तो पुन्हा लिहावा लागतो. हेही कापत नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकता येतात. तिथे आधी संहिता लिहितात, मग रेकॉर्डिंग. आणि शिकणाऱ्याने व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघावं, अशीच त्यांची रचना असते. नवख्यांनी निदान दोन-चार धडे तसे करून बघावेत.

माझी संहिता आधी आमच्या इमारतीतल्या एका काकूंकडे जाते. मी वाचते, त्या करतात. मध्ये बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावलेलं असतं. ‘पहिला रकाना निवडा’ म्हटलं की त्या वरच्या ‘ए’ अक्षराऐवजी त्याखालच्या पहिल्या चौकटीवर क्लिक करतात. मग संहितेत एक वाक्य वाढतं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.