आवर घालणारी पेटी

बळ उत्पन्न करणाऱ्याची कीर्ति सर्वत्र होते. त्या बळास आवर घालणाऱ्याची मात्र कोणी विचारपूसही करीत नाहीं. घोड्याचें कौतुक होतें, लगामाचें होत नाहीं. मोटारीच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे. जुनी मोटार बाळगणारे गृहस्थ एंजिनाविषयीं तासन् तास बोलतील; परंतु बॉनेटखालीं मुकाट्यानें बसलेल्या चौकोनी काळ्या पेटीविषयीं त्यांच्या तोंडून अवाक्षर निघावयाचें नाहीं. या पेटीचें शास्त्रीय नांव व्होल्टेज रेग्युलेटर. गॅरेजमधले मिस्त्री तिला नुसतें ‘कट-आउट’ म्हणतात.

आमच्या घरीं १९५८ सालची मॉरिस मायनर आहे. अलेक इसिगोनिस या कल्पक गृहस्थांनीं रचलेली ही गाडी प्रथम १९४८ सालीं लोकांपुढें आली. आमची गाडी वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. आणि आतां आमची कन्या नोकरीवर जाण्याकरितां ती चालवूं इच्छिते. तिचा परतीचा रस्ता घाटाचा, व वेळ रात्रीची. गेल्या उन्हाळ्यांत बॅटरींतलें पाणी भराभर आटूं लागलें, दिव्यांचे बल्ब एकामागून एक जाऊं लागले, आणि बॉनेट उघडतांच ॲसिडचा उग्र दर्प येऊं लागला. तेव्हां पेटी बदलावी कीं काय, व बदलल्यास कोणती घ्यावी, हा प्रश्न आम्हांस टाळतां येईना.

डायनॅमोचा स्वभाव असा कीं, एंजिनाचा वेग वाढला कीं त्याचा दाबही वाढतो. बारा व्होल्टची बॅटरी भरण्यास चौदांच्या आसपास दाब पुरे. तो फार चढला तर बॅटरींतल्या पाण्याचा हायड्रोजन व ऑक्सिजन होतो, आणि हायड्रोजनास एक ठिणगी बस्स होते. म्हणून पेटींत तारेचीं दोन वेटोळीं असतात. डायनॅमो बॅटरीहून दुबळा असतां पहिलें वेटोळें दोहोंमधली वाट तोडून ठेवतें; एरव्हीं बॅटरीच डायनॅमोंत रिकामी व्हावयाची. दुसरें वेटोळें, दाब मर्यादेस पोंचतांच, डायनॅमोच्या फील्डच्या वाटेंत अडथळा घालतें, व दाब उतरतांच तो काढून घेतें. हा खेळ एका सेकंदांत कितीतरी वेळां चालतो.

आमच्या वृद्ध मिस्त्रींनीं पेटीस हात लावण्यापूर्वीं तिची अर्थची तार तपासली. “सर, हिचा पाया सुटला तर चांगली पेटीही वेडी होते,” ते म्हणाले. तार शाबूत होती. पॉइंट मात्र जळून खडबडीत झाले होते आणि एकमेकांस चिकटत होते.

आतां वाटा चार होत्या. आमचे एक सहकारी म्हणाले, डायनॅमोसकट सारें काढून आल्टर्नेटर बसवा. गाडी चौकांत उभी असतांही तो वीज देतो. म्हणणें खरें होतें. परंतु आमचा डायनॅमो १९ अँपिअर देतो, व दिवे, इग्निशन, वायपर हीं सारीं एकदम चालविलीं तरी मागणी त्याच्या आंतच राहते. घाटांत एंजिन कांहीं उभें नसतें. शिवाय या गाडींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें. आल्टर्नेटर बहुधा याच्या उलट मागतात. गरज नसतां घराची सारी रीत पालटावी, हें आम्हांस पटलें नाहीं.

दुसरी वाट, तसलीच नवी यांत्रिक पेटी. एका दुकानांत ती मिळाली. मिस्त्रींनीं झांकण काढून आंतली स्प्रिंग बोटानें दाबली, आणि एक शब्दही न बोलतां झांकण परत लावलें.

तिसरी वाट आमच्या मनाला ओढणारी होती. जुन्याच पेटीचे पॉइंट घासावे, स्प्रिंगचा ताण पुन्हां जुळवावा. मिस्त्री म्हणाले, “करून देतों, पण दर पावसाळ्याआधीं गाडी आणावी लागेल.” त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढचें. ही कला त्यांच्या बोटांत आहे, व ती शिकावयास त्यांच्याजवळ कोणी नाहीं. पुढचे पावसाळे कोणाच्या भरंवशावर काढावयाचे? आमची घालमेल पाहून कुटुंबानें विचारलें, “अहो, गाडी मुलीनें चालवायची आहे, कीं मामंजींच्या आठवणीनें?” या प्रश्नास आमच्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनांत उत्तर सांपडलें नाहीं.

तेव्हां चौथी वाट धरली: इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्याच झांकणाखालीं बसणारा. घेतांना तीन गोष्टी पाहिल्या. तो १९ अँपिअरच्या डायनॅमोस जुळणारा आहे ना. धन टोंक सांगाड्यास असलेल्या गाडीकरितांच केलेला आहे ना, कारण उलटा जोडल्यास असलें यंत्र क्षणांत जळतें. आणि उन्हाळ्यांत तो मर्यादा खालीं आणतो ना. जुन्या पेटींत हें तिसरें काम दोन धातूंची एक पट्टी बिनबोभाट करीत असे. बॅटरी सीलबंद असेल तर याची काळजी दुप्पट घ्यावी, कारण तींत गेलेलें पाणी पुन्हां घालतां येत नाहीं.

मिस्त्रींनीं मीटर लावून एंजिनाचा वेग वाढविला. कांटा चौदांच्या किंचित् वर गेला व तेथेंच थांबला. जुन्या पेटीचे आंतले भाग फडक्यांत गुंडाळून आम्ही वडिलांच्या चष्म्याशेजारीं ठेवले आहेत. जुन्या वस्तूचा प्रत्येक खिळा जपणें ही एक निष्ठा होय; तिच्याकडून तिचें काम होत राहावें म्हणून झटणें ही दुसरी. दोहोंचा मेळ बसेना तेव्हां आम्हीं दुसरी पत्करली. कन्या आतां रात्रीं उशिरां परतते. आणि वळणावर तिच्या गाडीचे दिवे दिसले कीं, ते मंद नाहींत व भडकही नाहींत, हें आम्ही गच्चींतून पाहून घेतों.