लवंगेचे ओले बी

मसाल्याच्या डब्यात शेजारी शेजारी नांदणारे जिन्नस एका कुळाचे नसतात. मोहरी हे बी, मिरी हे फळ, दालचिनी ही साल, हळद हा कंद. लवंग मात्र कळी आहे. झाडावरचे घोस हिरव्याचे गुलाबी होऊ लागले की उमलण्याआधीच ते हाताने खुडतात, देठ वेगळे करतात आणि कळ्या चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. तेवढ्यात त्यांचे वजन जेमतेम एक-तृतीयांश उरते. संस्कृतात लवंगेला ‘देवकुसुम’ असेही नाव आहे, ते किती यथार्थ!

हे कुसुम आपल्या मातीतले नाही, याची जाण मात्र आपल्या पूर्वजांना होती. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात विदर्भकन्या इंदुमतीचे स्वयंवर आहे. तेथे कलिंगराजाची थोरवी सांगताना कालिदासाने परद्वीपांहून लवंगपुष्पे वाहून आणणाऱ्या वाऱ्यांचा उल्लेख केला आहे. लवंगेचे माहेर म्हणजे आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का. तेर्नाते, तिदोर आणि त्यांच्या आसपासची काही चिमुकली बेटे. सतराव्या शतकात डच कंपनीने या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे राखण्यासाठी अंबोनच्या परिसरापुरती लागवड ठेवून इतरत्रची झाडे तोडविली. १६५२ साली तेर्नातेच्या सुलतानाशी तसा करारच केला.

असा कडेकोट पहारा असताना लवंग बाहेर पडली कशी? त्यासाठी तिचा एक स्वभावविशेष ध्यानात घेतला पाहिजे. मिरचीचे बी वाळवून पुरचुंडीत बांधावे आणि पुढल्या वर्षी पेरावे, तसे लवंगेचे होत नाही. बी हवे असेल तर काही कळ्या न खुडता झाडावरच राहू द्याव्या लागतात. त्यांची फुले होतात, मग फळे धरतात. म्हणजे तेवढ्या मालाच्या पैशावर पाणी सोडणे आलेच. शिवाय त्या फळातले बी आठवड्याच्या आत, ओले असतानाच पेरावे लागते. ते वाळले की मेले. त्यामुळे फ्रेंच अधिकारी पियेर प्वाव्र याने १७७० साली मोलुक्काहून लवंग मॉरिशसला चोरून आणविली, तेव्हा जिवंत रोपेच समुद्रातून सांभाळून आणावी लागली. त्यांतील बरीच दगावली. जी तगली त्यांची संतती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झांजीबारला पोहोचली. तेथे गुलामांच्या कष्टांवर एवढ्या बागा उभ्या राहिल्या की लवंग म्हणजे झांजीबार असे समीकरण झाले. १८७२च्या वादळाने त्या बेटावरील बहुतेक झाडे आडवी केली, तरी लोकांनी ती पुन्हा लावली.

आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने १८००च्या सुमारास तमिळ मुलखातील कुर्तालमच्या मसाल्याच्या बागेत लवंग लावली. तेथून ती दक्षिणेच्या डोंगरउतारांवर पसरली. आज कन्याकुमारी जिल्ह्यातील लवंग तिच्यातील तेलाच्या विपुलतेमुळे नावाजली जाते. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. दोनशे वर्षांपूर्वी परकी असलेली लवंग आता त्या भूमीच्या नावाने ओळखली जाते. यामागे धीर आहे. रोप लावल्यावर पहिली कळी दिसायला सात-आठ वर्षे जातात आणि झाड भरात यायला पंधरा-वीस.

आमच्या बऱ्हाणपुरात लवंग पिकणे नाही. तिला दमट हवा, सावली आणि भरघोस पाऊस लागतो. तापीकाठचे आमचे ऊन केळीला मानवते. तिचा कंद एका शेतातून काढून दुसऱ्यात लावला की तो निमूट रुजतो. लवंग आम्हांला बाजारातूनच आणावी लागते, आणि ती पारखून घेण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. माथ्यावरची गोळी शाबूत हवी, रंग लालसर तपकिरी हवा, नखाने दाबताच तेलाचा ओलावा दिसायला हवा. शंका आली तर पाण्यात टाकून पाहावी. चांगली लवंग तळाशी बसते किंवा देठ खाली करून उभी राहते. तेल आधीच काढून घेतलेली आडवी तरंगते. दिसायला दोघी सारख्याच!

आम्ही मराठी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहोत. शाळेत मी दिवसभर हिंदीत बोलतो आणि ती भाषाही मला आपलीच वाटते. परंतु मराठीचा विचार मनात आला की ती जातीने केळीची नसून लवंगेची आहे, असे वाटते. आमच्या कपाटात मराठी ग्रंथ आहेत, भिंतीवर मराठी दिनदर्शिका आहे, सणावारी आरत्या होतात. हे सारे वाळलेल्या लवंगेसारखे आहे. त्याचा सुवास वर्षानुवर्षे टिकेल, पण त्याला कोंब फुटायचा नाही. पुढच्या पिढीत भाषा रुजवायची तर ती ओलीच, बोलती असतानाच पेरली पाहिजे.

माझा नातू इंदूरला असतो आणि इंग्रजी शाळेत शिकतो. रोज रात्री अर्धा तास मी त्याला दूरध्वनीवर मराठीतून गोष्ट सांगतो. तो मधूनमधून हिंदीत शंका विचारतो, मी मराठीत निरसन करतो. मुलाचे म्हणणे असे, की “बाबा, तेवढ्या वेळात त्याचा गृहपाठ होईल.” त्याचे खोटे नाही. काही कळ्या झाडावर सोडायच्या म्हणजे तोटा आलाच. तो मी मान्य करतो आणि गोष्ट पुढे चालू ठेवतो. गेल्या आठवड्यात राक्षस गुहेच्या दाराशी आला असताना मला ठसका लागला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आवाज आला, “आजोबा, मग पुढे काय झालं?”