खुरपं

शिरूर-दौंडच्या पट्ट्याला खरा आधार परतीच्या पावसाचा. जूनमधले ढग सह्याद्रीवरच रिते होतात, आमच्याकडे नुसता वारा सुटतो. भाद्रपदात उत्तरा आणि मागोमाग हस्त बरसला, तर विहिरीला पाणी आणि परसाला ओल. म्हणून आमच्याकडे बागेचं काम गणपती बोळवल्यावर सुरू होतं, तेही खुरप्यानं.

माझ्या हाती पहिलं खुरपं आजीनं दिलं, घोडनदीकाठच्या परसात. बाभळीची मूठ, झिजून अरुंद झालेलं पातं. उकिडवी बसून ती लव्हाळ्याच्या बुडाशी टोक तिरकं घालायची, मनगटाला हलका झटका द्यायची आणि ओल्या मातीतून काळी गाठ अख्खी वर यायची. मी नुसती पाती कापत सुटले की म्हणायची, "आगं, गाठ घे. न्हाईतर आठ दिसांत परत हाय." घोळ आणि तांदुळजा मात्र तिच्या ओच्यात जायचा, संध्याकाळच्या भाजीला. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, यात तडजोड नव्हती. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे परदेशी तण माझ्या लहानपणी बांधाबांधावर माजलं होतं. एकेका झाडाला हजारोंनी बी!

लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा ते खुरपं आजीकडून मागून घेतलं. माहेरची माती मुरमाड, मोकळी. इथली काळी, चिकट. उन्हं तापली की तिला भेगा पडतात आणि मुरलेली ओल त्यांतून उडून जाते. वाफसा आला की वरची माती खुरप्यानं हलवून घ्यायची, हे सासूबाईंनी शिकवलं. भेगा बुजतात, भुसभुशीत थराखाली ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं शेतकरी म्हणतात, ते मला मेथीच्या वाफ्यात पटलं. हस्त सरता सरता धणे रगडून पेरायचे, मेथी फोकायची, पुढे थंडीची चाहूल लागली की लसणाच्या पाकळ्या टोक वर करून टोचायच्या. कांद्याच्या रोपाला गादीवाफाच हवा, कारण उशिराचा पाऊस साचला तर कोवळी रोपं बुडाशी कुजतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेनं रब्बी वाणांना भीमा शक्ती, भीमा किरण अशी नावं दिली आहेत. बियाण्याच्या पाकिटावर आपल्या नदीचं नाव वाचताना मला अजून आनंद होतो.

मूठ बदलली, पातं लोहाराकडून कितीदा शेवटून आणलं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाफ्यात.

हल्ली घरामागच्या चार हात जागेतही तणनाशक मारलेलं दिसतं. लव्हाळ्यासोबत घोळ जाते, तांदुळजाही जातो, आणि पोरांना ही भाजी होती हेच कळत नाही. शेताचं गणित वेगळं, मजूर मिळत नाहीत हे मी जाणते. पण परसात तरी फवारू नका. यंदा पाऊस उघडला की वाफसा बघून खुरपं घ्या आणि घरातलं एखादं पोर शेजारी बसवा.