शेजाऱ्याची चावी

चाळीत दारू पिणारा माणूस ही काही नवी गोष्ट नाही. गिरगावात जा, परळला जा, लालबागला जा, प्रत्येक मजल्यावर एखादे दार असे असतेच, की रात्री अकरानंतर त्या दारातून भांडणाचा आवाज येतो. सकाळी नळावर बायका कुजबुजतात, दोन दिवसांनी सगळे विसरतात. पितो तो आपला संसार जाळतो, आपल्याला त्याचे काय, असा सर्वांचा समज. पण तोच माणूस पिऊन गाडी चालवत असेल तर? मग तो प्रश्न त्याच्या खोलीपुरता राहत नाही. तो रस्त्यावर येतो आणि रस्त्यावर आपली सर्वांचीच माणसे असतात.

आम्ही नवराबायको ठाकूरद्वारला राहतो. आमच्या मजल्यावर तिसऱ्या दारात एक टेम्पोवाले राहतात. वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो आणि त्यांच्या घरच्यांना वहिनी. नाव सांगण्याची गरज नाही. मनाने माणूस लाखात एक. चाळीत कुणाकडे मयत झाली की चंदनवाडीपर्यंत पहिला खांदा त्यांचा. बुद्धजयंतीला पांढरे कपडे घालून विहारात सर्वांच्या आधी हजर. टेम्पो शेठचा. काळबादेवीच्या कापडबाजारातून गाठी उचलायच्या आणि भिवंडीच्या गोदामात पोचवायच्या, हे काम. परत येताना सोबत्यांबरोबर बसायचे, आणि तसाच टेम्पो घेऊन ठाकूरद्वार नाक्यावरून गल्लीत शिरायचे. आठवड्यातून तीन-चार वेळा हे ठरलेले.

एका पावसाळ्यात त्यांचा टेम्पो फुटपाथवर चढला आणि एका हातगाडीचे दांडे मोडले. रोज त्या हातगाडीवर झोपणारा हमाल नेमका पाणी प्यायला उठला होता, म्हणून वाचला. दादांनी सकाळी दांड्यांचे पैसे दिले. "ब्रेक लागला नाही," म्हणाले. ब्रेक का लागला नाही ते साऱ्या चाळीला ठाऊक होते.

आम्ही चाळीत हा विषय काढला तेव्हा तीन उत्तरे मिळाली. ती आपल्या वाचकांनीही ऐकली असतील, म्हणून एकेक घेऊ.

पहिले उत्तर, "पंचवीस वर्षे गाडी चालवतोय, हात बसलेला आहे." हात बसलेला असेल, पण दारू आधी हातावर जात नाही, डोक्यावर जाते. माणूस अडखळायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याचा अंदाज चुकू लागतो. समोरचा माणूस किती लांब आहे, आपला वेग किती आहे, हे त्याला नीट कळत नाही आणि कळत नाही हेही कळत नाही. म्हणून तर प्यालेला माणूस "मी ठीक आहे" असे शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत असते. लिंबू चोखले, काळी कॉफी घेतली, डोक्यावर थंड पाणी ओतले की उतरते, ही समजूतही खोटी आहे. यकृत आपल्याच गतीने काम करते, त्याला घाई करता येत नाही. रात्री दोनपर्यंत भरपूर प्यालेला माणूस पहाटे पाचला उठून गाडी काढतो तेव्हा तोंडाला वास नसला तरी रक्तात दारू असू शकते. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. त्यापुढे गेले की गुन्हा.

दुसरे उत्तर, "आपलाच माणूस आहे. आपल्याच माणसाचे नाव पोलिसांत द्यायचे?" हे उत्तर देणाऱ्यांवर आम्ही रागावलो नाही. पोलीस चौकीचा गरिबाला आलेला अनुभव काय असतो हे आम्हाला माहीत आहे. पण प्रश्न असा, की आपला माणूस कोण? टेम्पोत बसलेला तेवढाच आपला, की टेम्पोसमोर येणाराही आपला?

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तिथे झोपलेले सात जण मेले, आठ जखमी झाले. सारे मजूर. मोटार चालवणारा तरुण प्यालेला होता. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. हायकोर्टाने तो सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षांची केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षे. आणखी जवळचे सांगायचे तर ३० जानेवारी २०१० रोजी, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मरीन लाइन्सला, प्यालेल्या अवस्थेत चालवलेली गाडी पोलिसांच्या नाकाबंदीवर आदळली. एक पोलीस अधिकारी आणि एक मोटारसायकलवाला जिवानिशी गेले. दोघांचाही दोष एवढाच, की ते रस्त्यावर होते.

रात्री-पहाटे मुंबईच्या रस्त्यावर कोण असते? फुटपाथवर झोपलेला हमाल, पेपर टाकणारा पोरगा, दुधाचे क्रेट उतरवणारा गडी, आणि झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार बाई. आमच्या घरातली एक अख्खी पिढी याच रस्त्यांवर झाडू मारत होती. गाडी श्रीमंताची असो की शेठचा टेम्पो असो, खाली सापडायचे ते आपल्यासारखेच. तेव्हा "आपला माणूस" म्हणून गप्प बसणे म्हणजे आपल्याच दुसऱ्या माणसाचा जीव पणाला लावणे होय.

तिसरे उत्तर सर्वांत कठीण. "लायसन्स गेले तर त्याच्या पोरांनी खायचे काय?" या उत्तरापाशी आम्हीही थांबलो. वहिनी चार घरची कामे करतात. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. याचे उत्तर तोंडाने देण्यासारखे नव्हते, कृतीनेच देता आले असते. ते पुढे सांगतो.

आपण विहारात पंचशील घेतो. पाचवे शील मद्याचे. त्यात दारूला नाव ठेवले आहे ते प्रमादाचे मूळ म्हणून. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे सर्वांना पाठ आहे. पण सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेला उपदेश तितका पाठ नाही. त्यात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. पैशाची हानी, भांडणतंटा, आजार, बदनामी, लाज सुटणे आणि बुद्धी मंद होणे. त्याच उपदेशात खरा मित्र कोण हेही सांगितले आहे. मित्र बेसावध असताना जो त्याला सांभाळतो, त्याची मालमत्ता सांभाळतो, तो खरा. आणि जो फक्त पिण्याच्या वेळी सोबतीला येतो, तो मित्राच्या वेषातला शत्रू. आम्हाला वाटले, शेजारधर्म याहून निराळा काय असणार? दादा शुद्धीवर असताना त्यांना आमची गरज नाही. ते बेसावध असतात तेव्हाच आहे.

सुरुवात बोलण्यापासून केली. रात्री नाही, सकाळी. प्यालेल्याशी वाद घालणे म्हणजे भिंतीशी बोलणे. रविवारी चहा पिताना दोघांनी मिळून सांगितले. पिण्यावरून व्याख्यान दिले नाही, फक्त गाडीचे बोललो. "दादा, ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी टेम्पो बाजारातच ठेवा. चालत या, नाहीतर आम्हाला हाक मारा." त्यांनी मान हलवली. आठवडाभर पाळले, मग पुन्हा तेच.

नंतर ५ डिसेंबरची रात्र आली. चैत्यभूमीला जायला दादांनी टेम्पो आणला होता. बायका, मुले, शिधा, चटया, सगळे मागे चढले. मालाच्या टेम्पोत माणसे नेणेच मुळात चुकीचे, पण सणावाराला कोण विचारतो? दादा पुढे बसायला आले आणि वास आला. कुणी काही बोलले नाही. आमच्या घरच्यांनी आपली दोन मुले खाली उतरवली. मग दुसरी बाई उतरली, मग तिसरी. शेवटी वहिनी स्वतः उतरल्या. सगळे चर्नी रोड स्टेशनवर चालत गेलो आणि लोकलने दादरला उतरलो. दादा रिकाम्या टेम्पोशेजारी उभे होते. आमच्या बोलण्याने जे झाले नव्हते ते त्या बायकांच्या उतरण्याने झाले. दुसऱ्या दिवशी दादांनी स्वतः येऊन चावी आमच्या खिळ्याला लावली. रोज रात्री चावी आमच्याकडे, सकाळी माणूस नीट पाहून परत, असे ठरले.

हे तीन महिने चालले. एका रात्री मात्र दादांनी बाजारातून यायच्या आधीच भरपूर घेतली होती आणि शेठचा फोन आला म्हणून तसेच भिवंडीला निघाले. आम्ही टेम्पोसमोर उभे राहिलो. त्यांनी आम्हाला ढकलले आणि गेले. तेव्हा आम्ही ११२ ला फोन केला. टेम्पोचा नंबर दिला, कुठल्या रस्त्याने गेला ते सांगितले. पुढच्या नाकाबंदीत पकडले. कुणाला काही झाले नव्हते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १८८ प्रमाणे अशा गुन्ह्याला साहाय्य करणारा किंवा चिथावणारा तितक्याच शिक्षेस पात्र असतो. "जा रे, काही होत नाही," म्हणणाऱ्या सोबत्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारते.

दादांना दंड झाला आणि लायसन्स काही महिन्यांसाठी निलंबित झाले. फोन आम्ही केला हे दुसऱ्याकडून कळण्याआधी आम्हीच जाऊन सांगितले. दादा म्हणाले, "भाऊ, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिला." आम्ही म्हणालो, "दादा, पोटाचे काहीतरी करता येईल. मेलेला माणूस परत आणता येत नाही." वहिनी दोन महिने आमच्याशी बोलल्या नाहीत.

आता तिसऱ्या उत्तराचे. महिला मंडळाच्या भिशीचा नंबर त्या महिन्यात आमच्या घरचा होता, तो वहिनींना दिला. मुलीच्या क्लासची फी चार घरांनी वाटून घेतली. आमच्यातल्या दोघांनी जाऊन शेठशी बोलणे केले, आणि शेठने लायसन्स परत मिळेपर्यंत दादांना गोदामात माल मोजायच्या कामावर ठेवले. पगार कमी, पण चूल पेटत राहिली. फोन करायला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर त्या घराची चूल विझू न देणे, हे शेजाऱ्याचे खरे काम. ते करायची तयारी नसेल तर फोन करणाऱ्याला लोक चुगलखोर म्हणतील, आणि त्यात काही अंशी तथ्यही असेल.

दादा आता पालिकेच्या मोठ्या इस्पितळातल्या मानसोपचार विभागात जातात. दारू हा आजार आहे, औषधाने आणि समजुतीने तो आटोक्यात येतो, हे तिथे त्यांना प्रथम कळले. संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातात, तिथे पैसे लागत नाहीत. पुण्याला १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत राहूनही उपचार घेता येतात. दादांची दारू पूर्ण सुटली असे आम्ही म्हणणार नाही. दोनदा तोल गेला. पण दोन्ही वेळा चावी आमच्या खिळ्याला होती.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या मजल्यावरही असे एखादे दार असेल. त्याला सकाळी गाठा, एकट्याने नको, दोघांनी. त्याच्या गाडीत बसू नका आणि मुलांना बसवू नका. त्याची चावी मागा. नाहीच ऐकले तर फोन करा, आणि तो आपण केला हे त्याला तोंडावर सांगा. मग त्याच्या घरी डबा घेऊन जा. विहारात एका ओळीत बसून आपण शील घेतो, ते एकमेकांना सांभाळण्यासाठीच.