रेडिएटरमधला गाळ आणि आपलं बोअरचं पाणी

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय पाण्याचाच आहे, त्यामुळे पान बदलल्यासारखं वाटणार नाही.

नीरा डाव्या कालव्याखालच्या आपल्या पट्ट्यात क्षार म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. ड्रिपची लॅटरल कापली की आत पांढरा थर, बोअरच्या मोटरीवर थर, बंबात थर. तेच पाणी गाडीच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलं तर तिथं काय होत असेल?

दिवाळीनंतर एक जुनी डिझेल जीप घेतली. घेताना इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. आत चिकट, विटकरी रंगाचा गाळ. आधीच्या मालकाचं म्हणणं, "आपल्याकडं काय बर्फ पडतो का, कुलंट कशाला? पाणी टाकतो मी." तेवढ्यावर भाव पाडून घेतला. पण गाडी हौसेची नव्हती. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला न्यायचं असतं, आणि गळीत हंगामात भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी अडकली की अर्धा-अर्धा तास हलत नाही. तिथं काटा लालमध्ये जाऊन चालणार नव्हतं.

बर्फाचं म्हणाल तर कुलंटचं आपल्याकडचं काम वेगळंच आहे. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, निम्मं कुलंट निम्मं पाणी असलं की १०७ च्या आसपास, आणि झाकणाच्या दाबामुळं त्याहून पुढं. शिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. ती दोन-चार वर्षांत संपतात. मग लोखंडी ब्लॉक गंजतो, बोअरचा चुना तापून नळ्यांना चिकटतो, दोन्ही मिळून चिखल होतो. कधी हिरव्यात लाल कुलंट ओतल्यानंही जेलीसारखा गोळा होतो. नुसता रंग बघून टॉप-अप करू नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

हात घालायच्या आधी एक गोष्ट बघितली, गाळात ऑइल आहे का? चमचाभर गाळ गरम पाण्याच्या ग्लासात टाकला. तेलाचा तवंग आला नाही, तळाशी गंज बसला. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ होतं. दुधाळ, चहासारखा रंग दिसला असता, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असते, तर हेड गॅस्केटचा संशय. तिथं धुऊन काही उपयोग नाही, आधी ते काम.

मिस्त्री म्हणाला, "ड्रिपचं ॲसिड आहे ना घरी? घाल थोडं, फसफसून निघंल." निघालं असतं खरं, पण सोबत ॲल्युमिनिअमही. ड्रिपचा पाईप प्लॅस्टिकचा असतो, त्याला हायड्रोक्लोरिक सोसतं. इंजिनाला नाही. मी सायट्रिक ॲसिड वापरलं, किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळतं ते. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅमच्या आत. खालचा होज काढून जुनं सगळं सोडलं, साध्या पाण्यानं खालून वर उलटं धुतलं, मग हे द्रावण भरून इंजिन वीस मिनिटं तापवलं, हीटर फुल. गार झाल्यावर सोडलं तर गेरूचं पाणी. असं दोनदा. मग थोडा खायचा सोडा घातलेलं पाणी, मग नितळ येईपर्यंत धुणं. शेवटच्या दोन फेऱ्या गावातल्या आरओच्या जारच्या पाण्यानं केल्या, कारण ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, आणि ते बोअरचं राहिलं तर पुन्हा तेच. भरताना कुलंट आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गाडीचं तोंड कालव्याच्या चढावर करून झाकण उघडं ठेवून चालवली, हवा निघाली.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवला. आपल्याकडं गाडी तापली की तो काढून फेकायची पद्धत आहे. मग इंजिन गारच चालतं, डिझेल जास्त पितं, झिजतंही. एका फुटक्या पातेल्यात पाणी तापवून बघितला, उकळी यायच्या आधीच उघडला. म्हणजे चांगला आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, गोठा असणाऱ्यांसाठी. कुलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं चाटतं, वासरू तोंड लावतं, आणि किडन्या जातात. आमच्या घरात किडनी म्हणजे काय हे रोज बघतोय. जुनं आणि सांडलेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर खूण केली. चारीत, कालव्यात, उकिरड्यावर ओतलं नाही. गॅरेजवाल्याकडं जुन्या ऑइलसोबत देणार आहे. आणि गरम गाडीचं झाकण कुणीही उघडू नका, तोंड भाजलेली माणसं आपल्याच भागात बघितलीत.

आता तीन आठवडे झाले. काटा मधल्या रेघेवर असतो, भवानीनगरच्या गर्दीतही. बाटलीतलं कुलंट किंचित तांबूस दिसायला लागलंय, म्हणजे ब्लॉकमधला उरलेला गंज सुटतोय. महिनाभरानं एकदा बदलणार. वॉटर पंपाखाली थोडी ओल दिसते, गाळानंच ती फट बुजवलेली असावी. पुढच्या सोमवारी डायलिसिस नाही, त्या दिवशी उघडतो. फोटो टाकीन.