सागाच्या पोटातला वास

सागाचं लाकूड नेमकं मरतं कधी, हे मला अजून कळलेलं नाही. दाराची चौकट होऊन ते पिढ्यान्‌पिढ्या उन्हात उभं राहतं, राखाडी पडतं, भेगा धरतं, हात लावावा तर बोटांना नुसती धूळ. आणि मग एखाद्या दुपारी ड्रिलच्या बिटाची गोल कड त्याच्यात फिरत फिरत चिमूटभर खाली उतरते, तेव्हा आतून आधी तांबूस पिवळा रंग वर येतो आणि रंगाच्या मागोमाग वास. तेलकट, जरासा कडवट, फार दिवसांनी सोडलेल्या पोथीच्या बासनासारखा. मी ड्रिल थांबवतो. थोडा वेळ काहीच करावंसं वाटत नाही.

सिंदी मेघे आता वर्ध्यात इतकं मिसळून गेलंय की गाव कुठे सुरू होतं ते दुकानांच्या पाट्याच सांगतात. कवेलूची घरं एकेक करून उतरली, आमचंही उतरलं. मयाली गेल्या, कवेलू गेले. समोरच्या दाराची चौकट तेवढी मी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवून घेतली. त्या दाराला नवी कडी बसली तो वैशाख मला आठवतो. सुतारकाका सावलीत उकिडवे बसलेले, एका हाताने भोक पाडायच्या सामत्याच्या माथ्यावरची वाटी दाबलेली, दुसऱ्या हाताने कमान मागे-पुढे चाललेली, आणि त्या घरघरीतून लाकडाचा बारीक भुगा पायाशी साचत गेलेला. मी तो मुठीत घेऊन हुंगत बसायचो. ऑक्टोबर १९३७ मध्ये, इथून हाकेच्या अंतरावर, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मुलांना हातच्या उद्योगातून शिकवण्याचा विचार मांडला, आणि झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यात सूतकताईसोबत सुतारकामही आलं. माझ्या शाळेपर्यंत त्यातलं फारसं काही पोचलं नव्हतं. मला लाकूड कळलं ते नाकानेच.

म्हणून असेल, पण फोर्स्टनर बिटावर माझा जीव जडला. साधा बिट भोक पाडून पलीकडे निघून जातो. हा सपाट तळाचा खड्डा कोरतो, आणि कोरताना पातळ, वळलेल्या सालपटी वर टाकतो, ज्यांच्यात वास भुशाहून कितीतरी जास्त वेळ टिकतो. बेंजामिन फोर्स्टनर हा अमेरिकेतला बंदुका घडवणारा कारागीर. त्याने १८७४ मध्ये याचं पेटंट घेतलं. गिरमिटाच्या टोकाला लाकडात ओढून नेणारा आटा असतो, तो त्याने काढूनच टाकला. हा बिट मधल्या टोकाच्या नव्हे, काठाच्या आधाराने चालतो. त्यामुळे फळीच्या कडेवर अर्धा खड्डा घ्या, तिरपा घ्या, एका खड्ड्यावर दुसरा चढवा, तो वाट सोडत नाही. मात्र तिरप्या आणि अर्ध्या कामाला हातातलं ड्रिल नको. स्टँडवरचं यंत्र आणि शिकंज्यात घट्ट आवळलेली फळी हवी.

आमच्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीच्या पिशवीत पस्तीसचा बिट असतोच, कपाटाच्या ऑटो हिंजसाठी. अठरा मिलिमीटरच्या पल्ल्यात बारा-तेराचा खड्डा, त्याहून खोल गेलं की मधलं टोक पलीकडून डोकावतं. अशाच एका मिस्त्रीने माझा घाईचा हात पाहून म्हटलं होतं, "लाकडाले दम खाऊ द्या जी, भाऊ. जळका वास आला म्हंजे उशीर झाला." तो जळका वास! सागाचा मूळ वास त्याच्याखाली पार दबून जातो, खड्ड्याच्या भिंती काळ्या पडतात, आणि बिटाच्या काठावर निळसर झाक चढते. साध्या कार्बन पोलादाचा बिट असेल तर त्याचं पाणी तिथेच उतरलं. व्यास जितका मोठा तितका वेग कमी. पस्तीसला मी मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या वर जात नाही. मधून मधून बिट उचलायचा, सालपटी झटकायच्या, वास घ्यायचा, पुन्हा उतरायचं.

निवड करतानाही मी वासाचाच विचार करतो, हसलात तरी चालेल. दातेरी काठाचा बिट कमी तापतो आणि भराभर कापतो. अखंड काठाचा हळू जातो, लवकर तापतो, पण भिंत अशी गुळगुळीत सोडतो की पॉलिश पेपर लावायला हात धजत नाही. लाकडी पेटीतले स्वस्त संच दिसायला देखणे, पण त्यातले निम्मे बिट पेटीतच म्हातारे होतात. त्यापेक्षा हायस्पीड स्टीलचे दोन-तीन चांगले घ्यावेत. सागात सिलिका असते, ती धार खाते. म्हणून धार पुन्हा लावावी लागते, तेव्हा काठाला आतल्या बाजूनेच कानस लावायची, बाहेरून घासलं तर माप बदलतं. आणि जुन्या चौकटीवर आधी लोहचुंबक फिरवायचं. आजोबांनी तोरणासाठी कुठे कुठे खिळे ठोकून ठेवलेत, त्यांनाच ठाऊक.

त्या चौकटीच्या एका तुकड्यात मी आईच्या कुंकवाच्या करंड्यासाठी खड्डा कोरला. खाली टाकाऊ फळी दाबून धरली होती, करंड्याहून थोडं मोठं माप घेतलं होतं. आईने करंडा बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग फळी नाकाशी नेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. "आपल्या दाराची ना?" एवढंच.

आता तिला शेजारी कोयरीसाठीही घर हवंय. कोयरीला गोल खड्डा कसा चालणार? पण मोठ्या खड्ड्याच्या अंगावर लहान खड्डा चढवला, पंचेचाळीसचा आणि पंचविसाचा, आणि मधले कोपरे पटाशीने उतरवले, तर आकार जमेल. तिने कोयरी कागदावर पालथी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आणि कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "टोक उजवीकडे वळलेलं काढ. डावं नको, करंड्याला लागेल."